दाजी, गाडी सुचवा

मी कलिंगडसुद्धा विकणाऱ्यालाच निवडायला सांगतो. बायको वडिलांनी निवडली, नोकरी परीक्षेच्या निकालाने निवडली आणि फ्लॅट बिल्डरने, कारण त्याच्याकडे तो एकच उरला होता. वॅगन आर घेताना रंग तेवढा मला ठरवायचा होता. "राखाडीला दीड महिना थांबावं लागेल काका, लाल उद्या देतो," असं म्हणून दुकानातल्या पोराने तोही प्रश्न सोडवला. अशा माणसावर जगातल्या सर्वांत महागड्या गाड्यांतून एक निवडायची वेळ आली, याचं मूळ पुण्याच्या रिंग रोडमध्ये आहे.

त्या रस्त्यात मेहुण्याची जमीन गेली आणि मोबदला आला. आकडा मी विचारला नाही. हिने विचारला, पण मला सांगितला नाही. "तुम्हाला झोप लागायची नाही," एवढंच म्हणाली. पुढच्याच रविवारी मेहुणा हापूसची पेटी घेऊन दारात उभा.

"दाजी, गाडी घ्यायचीय."

"छान. स्कॉर्पिओ?"

"स्कॉर्पिओ गावात झाल्या ढीगभर. दुनियेतली सगळ्यात भारी कुठली, ती सांगा. रोल्स रॉईस, फेरारी, लाम्बोर्गिनी, बुगाटी, सगळ्या बघा आणि त्यातली एक काढा. पैशाचं बघू नका. तुम्हाला गाड्यातलं कळतं."

गाड्यांतलं मला कळतं, ही सासरच्या मंडळींची समजूत मी कधी मोडली नाही. नोकरीतली बरीच वर्षं मी बँकेत वाहनकर्जाच्या टेबलावर काढली हे खरं. पण माझ्या हाताखालून गेल्या त्या रिक्षा, टेम्पो आणि दुधाच्या पिकअप. त्यांतल्याही ज्यांचं दर्शन घडलं त्या बहुतेक जप्तीच्या. इंजिन कसं चालतं ते मला सांगता येणार नाही. हप्ता कसा थकतो ते झोपेत सांगेन. आणि "पैशाचं बघू नका" हे वाक्य त्या टेबलावर मला कुणी कधी ऐकवलं नव्हतं. मग मी बघणार तरी काय?

तरी कामाला लागलो. जुनं एक लांब रजिस्टर काढलं, पट्टीने रकाने आखले: किंमत, मायलेज, डिकी, जवळचं सर्व्हिस सेंटर, पुन्हा विकताना काय येईल. ही चहा घेऊन आली, रकाने वाचून म्हणाली, "हे तुम्ही ॲक्टिव्हा घेताना आखले होते ना?" तेच होते.

पहिला मान बुगाटीचा. फ्रान्समध्ये अल्सास प्रांतात मोल्सहाइम नावाचं गाव आहे, तिथे एत्तोरे बुगाटी या इटालियन गृहस्थाने १९०९ मध्ये हा कारखाना काढला. फोक्सवॅगनच्या मालकीच्या काळात तिथून २००५ साली व्हेरॉन नावाची गाडी निघाली. आठ लिटरचं इंजिन, सोळा सिलिंडर, चार टर्बो, १००१ अश्वशक्ती आणि ताशी ४०७ किलोमीटर वेग. ते सगळं थंड ठेवायला दहा रेडिएटर. मी सवयीने मायलेजच्या रकान्याकडे वळलो आणि तिथेच अडकलो. पूर्ण वेगात ठेवली तर शंभर लिटरची टाकी साधारण बारा मिनिटांत रिकामी होते. म्हणजे पुण्याहून दहा हजारांचं पेट्रोल भरून निघालं, तर खोपोलीच्या आसपास गाडी बंद. लिटरला एक किलोमीटरसुद्धा नाही. त्या वेगाला टायर मात्र पंधराएक मिनिटं टिकतात. म्हणजे टायर फुटायच्या आत पेट्रोल संपतं. सुरक्षिततेच्या दृष्टीने एवढा पक्का विचार मी कुठल्याच गाडीत पाहिलेला नाही.

मेहुण्याला फोनवर हे वाचून दाखवलं.

"दहा रेडिएटर? सकाळी पाणी कोण घालणार सगळ्यात?"

"आणि पावणेचारशेच्या वर न्यायची तर दुसरी किल्ली लागते. सीटच्या बाजूला तिचं वेगळं भोक असतं."

"ती आई देवघरात ठेवून घेईल. पुढचं वाचा."

पुढचं म्हणजे बुगाटीची रॉयल. हे प्रकरण मला फार आवडलं. एत्तोरे साहेबांनी १९२० च्या दशकात ठरवलं की, आता फक्त राजेरजवाड्यांना गाड्या विकायच्या. पावणेतेरा लिटरच्या आसपासचं इंजिन असलेली अजस्र गाडी त्यांनी बनवली. नेमकी त्याच सुमाराला जागतिक मंदी आली आणि गाडी एकाही राजाने घेतली नाही. बाहेरच्या गिऱ्हाइकांना जेमतेम तीन खपल्या. उरलेल्या इंजिनांचं काय करायचं? ती फ्रेंच रेल्वेच्या डब्यांना बसवली, आणि तिथे ती उत्तम चालली. बुडीत मालाची इतकी सुंदर वसुली आमच्या बँकेला कधी जमली नाही.

मला बुगाटीचा मोह पडू लागला होता. जेआरडी टाटांनीही तरुणपणी मुंबईत बुगाटी पळवली होती. वेगाने चालवल्याबद्दल खटला झाला, त्यासाठी वकील गाठला आणि पुढे त्या वकिलांच्या पुतणीशीच, थेल्मा विकाजींशी, त्यांचं लग्न झालं. हेही मी मेहुण्याला सांगितलं.

"आपलं लग्न झालंय, दाजी," तो म्हणाला. फोन बहुधा स्पीकरवर असावा, कारण मागून वहिनींचं हसणं ऐकू आलं नाही.

शेवटी बुगाटी बाद झाली ती स्टिअरिंगवर. व्हेरॉन काय, तिच्या मागून आलेली शिरॉन काय, दोन्हींचं स्टिअरिंग डावीकडे. तसली नवी गाडी आणून आपल्याकडे तिचं पासिंग करून घेणं ही एक स्वतंत्र नोकरीच होईल, आणि मी निवृत्त आहे. रजिस्टरात "डावखुरी" एवढाच शेरा मारला.

फेरारीकडे वळलो तर वेगळीच पंचाईत. तिथली सगळ्यात महागडी मॉडेलं पैसे घेऊन गेलं तरी मिळत नाहीत. ला फेरारी नावाची त्यांची गाडी २०१३ साली आली. ठरलेल्या ४९९ होत्या. पाचशेवी नंतर इटलीतल्या भूकंपग्रस्तांसाठी लिलावात विकली. पण त्या कुणाला द्यायच्या हे कंपनीने ठरवलं. आधी तुमच्याकडे किती फेरारी आहेत, त्या तुम्ही कशा ठेवल्या, घेतल्या घेतल्या विकून नफा तर मारला नाही ना, हे बघून. मी चष्मा काढून पुसला. टेबलाच्या अलीकडे बसून उभा जन्म मी हेच केलं होतं. समोरच्याकडे वरून खाली बघत विचारायचं, "आधीचं कर्ज फेडलं का? जामीन कोण?" आता इटलीतला कुणी माझाच जातभाई मेहुण्याला विचारणार होता, आणि मेहुण्याच्या नावावर आधीची वाहनं म्हणजे एक बोलेरो, दोन ट्रॅक्टर आणि एक पाण्याचा टँकर.

शिवाय फेरारी म्हटलं की मराठी माणसाला तेंडुलकरची आठवण होणारच. ब्रॅडमनच्या २९ शतकांची बरोबरी केली म्हणून २००२ मध्ये सिल्व्हरस्टोनला शूमाकरच्या हस्ते त्याला ३६० मोडेना मिळाली. भेट म्हणून आलेल्या त्या गाडीवरच्या सीमाशुल्काचा केवढा गदारोळ झाला! सरकारने १ कोटी १३ लाख माफ केले, लोक कोर्टात गेले, शेवटी ती रक्कम फियाट कंपनीने भरली. फुकट मिळालेल्या गाडीचं हे, तर विकत घेतलेलीचं काय?

इथे मात्र माझं शास्त्र सुरू झालं. वेगातलं मला कळत नसेल, करातलं कळतं. चाळीस हजार डॉलरच्या वरची तयार गाडी बाहेरून आणली, तर मी मांडणी केली तेव्हाच्या दराने सीमाशुल्क सगळं मिळून ११० टक्के. त्या बेरजेवर जीएसटी ४० टक्के. म्हणजे एक कोटीची गाडी बंदराबाहेर पडेपर्यंत २ कोटी ९४ लाखांची होते. मग आपला रस्ता कर. महाराष्ट्राने २०२५ मध्ये त्याची कमाल मर्यादा २० लाखांवरून ३० लाख केली. गाडी कितीही महाग असली तरी त्याच्या वर घेत नाहीत. हे आकडे मी लाल शाईने लिहून मेहुण्यापुढे ठेवले. तो हबकेल अशी माझी अपेक्षा होती.

"थांबा," तो बोट ठेवून म्हणाला, "म्हणजे तीन कोटीच्या गाडीला तीस लाख, आणि तीस कोटीच्यालाबी तीसच?"

"हो."

"मग स्वस्तातली घेणं येडेपणा आहे, दाजी."

बँकेत असताना असा कर्जदार मला भेटला असता, तर मी मॅनेजर होऊन निवृत्त झालो असतो. नाहीतर निलंबित.

या नव्या तर्काने आम्ही जगातली सर्वांत महाग विकली गेलेली गाडी काढली. मर्सिडीजची १९५५ सालची ३०० एसएलआर, उहलेनहाउट कूपे. केवळ दोन बनल्या. त्यांतली एक मे २०२२ मध्ये श्टुटगार्टला १३ कोटी ५० लाख युरोंना गेली. तेव्हाच्या भावाने अकराशे कोटी रुपयांच्या आसपास.

"मॉडेल कितीचं म्हणालात?"

"पंचावन्न."

"पासिंग संपलं असंल की मग."

मी "सेकंडहँड, पासिंग बघणे" असा शेरा लिहून पान उलटलं.

रोल्स रॉईसवर खरं तर माझं मन बसलं होतं. मला वेगाची भीती वाटते, आणि ही मागे बसायची गाडी. दारातून छत्री निघते. छतात हजारांहून जास्त बारीक दिवे लावून आभाळ केलेलं असतं. चाकं फिरली तरी मधली अक्षरं सरळच राहतात. अंगावरची बारीक रेघ अजून हाताने, कुंचल्याने ओढतात, हे ऐकून ही म्हणाली, "रांगोळीच्या हाताला किती देतात तिथे?" बॉनेटवर जी पंखवाली बाई उभी असते ती १९११ पासून आहे आणि तिला कुणी हात लावला तर ती सरकन आत जाते. पूजेच्या दिवशी हार घालायला जावं आणि देवीनेच दार लावून घ्यावं, तशी गत होणार हे दिसत होतं, पण तेवढं चाललं असतं. २०२१ मध्ये त्यांनी बोट टेल नावाची एक काढली. मागचा भाग फुलपाखराच्या पंखांसारखा उघडतो, आतून टेबलं, शँपेनची थंड पेटी आणि वर मोठी छत्री. किंमत कंपनीने सांगितली नाही, वर्तमानपत्रांनी दोनशे कोटींच्या घरातली धरली. मेहुण्याने चित्र बघून "पिठलं-भाकरीची सोय चांगली केलीय" असा अभिप्राय दिला. सगळं जमत आलं होतं, आणि मी उत्साहाच्या भरात नको ते वाचून दाखवलं: सीटच्या चामड्यासाठी ते फक्त बैलांची कातडी वापरतात, कारण गाईच्या कातड्यावर वीण झाल्याच्या रेषा उमटलेल्या असतात.

पलीकडे बराच वेळ शांतता.

"बैलाच्या कातड्यावर मी बसायचं?"

मेहुण्याची बैलजोडी आहे. शर्यतबंदीच्या सगळ्या वर्षांत त्याने ती विकली नाही. रोज खुराक चालू ठेवला, आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्याचा बैलगाडा शर्यतींचा कायदा वैध ठरवला तेव्हा गोठ्यात पेढे वाटले. पहिला पेढा बैलांना. अशा माणसापुढे मी हे वाचलं. रोल्स रॉईस तिथेच संपली. बाकीच्या गाड्यांची सीटं कशाची असतात, हे मी त्याला आजतागायत सांगितलेलं नाही.

नाही म्हणायला त्या संध्याकाळी सासूबाईंनी एक सूचना केली. त्यांचं माहेर कोल्हापूरकडचं. "दसऱ्याला महाराजांची मेबॅक निघते, तसली बघा. ती शोभते." सूचना उत्तम होती. राजेलोकांना निवडीचं कळत असे यात शंका नाही. इंदूरच्या यशवंतराव होळकरांकडे १९३० च्या दशकात ड्यूसेनबर्ग, बुगाटी आणि अल्फा रोमिओ होत्या. त्या गाड्यांची नावं घेताना आजही युरोप-अमेरिकेतले संग्राहक आवाज खाली आणतात. पण होळकरांच्या जमिनीतून रिंग रोड गेला नव्हता. त्यांना निवडायला घाई नव्हती. आमच्याकडे भाऊबंद रोज येऊन बसत होते आणि पैसे कशात तरी अडकवणं निकडीचं झालं होतं.

शेवटी लाम्बोर्गिनी. फेरुच्चो लाम्बोर्गिनी हा मूळचा ट्रॅक्टर बनवणारा. सांगतात ते असं की, त्याच्या फेरारीचा क्लच सारखा बिघडायचा, तक्रार घेऊन गेला तर एन्झो फेरारींनी "तू ट्रॅक्टर चालव" अशा अर्थाचं काहीतरी ऐकवलं, आणि या बहाद्दराने १९६३ मध्ये स्वतःचाच मोटारींचा कारखाना काढला. खरंखोटं त्या दोघांना माहीत. पण मेहुणा ताडकन उठून बसला.

"ट्रॅक्टरवाला? आपल्यातलाच की!"

"आणि चिन्ह बैलाचं. बऱ्याच गाड्यांची नावंही झुंजीच्या बैलांवरून. मुर्सिएलागो म्हणून एक बैल होता, चोवीस वार झेलूनही उभा राहिला म्हणून त्याला जीवदान दिलं, असं सांगतात. त्याच्या नावाची गाडी निघाली."

"शंभराचा स्पीड किती सेकंदात?"

"अव्हेंटाडोरचा दोन पूर्णांक नऊ."

तो मनाशी घाट मोजत होता. आमच्या भागात शर्यतीच्या धावपट्टीला घाट म्हणतात आणि एका धावेला बारी. चांगली बारी अकरा-बारा सेकंदांची. इटलीतल्या कुणीतरी आपल्या बैलाचं नाव ठेवून तीन सेकंदांच्या आत बारी आणली, हे त्याला थेट काळजाला भिडलं. माझ्या रजिस्टरात मात्र लाम्बोर्गिनीच्या जुन्या काउंटाचबद्दल एक नोंद होती: मागचं काही दिसत नसल्यामुळे रिव्हर्स घेताना लोक दार वर उचलून, उंबऱ्यावर बसून, मान बाहेर काढून चालवत. हे मी धोक्याची सूचना म्हणून वाचलं. "ट्रॅक्टर असाच घेतो मी," तो म्हणाला.

मग प्रत्यक्ष बघायला मुंबईला गेलो. दालनांची नावं लिहीत नाही. पहिलं कुठलं आणि दुसरं कुठलं, हेही नाही. मेहुणा पांढरा लेंगा-सदरा, खांद्यावर उपरणं आणि पायांत कोल्हापुरी. त्याला दारातच अडवतील, या भीतीने मी लग्नातला सफारी चढवला होता. झालं उलटंच. त्या लोकांची नजर तयार असते. त्यांनी मेहुण्याला नमस्कार केला, गार पाणी दिलं, खुर्ची ओढली. त्यात माझ्या तोंडून निघून गेलं, "यात सीएनजी कीट बसतं का हो?" तो मुलगा फार सभ्यपणे हसला आणि म्हणाला, "ड्रायव्हर लोकांचा चहा मागच्या बाजूला आहे, काका."

मी गेलो. खुलासा करत बसण्यापेक्षा चहा बरा वाटला, आणि तो फक्कड होता. आत मेहुण्याला कॉफी दिली होती, तिच्यावर फेसात पान काढलेलं. त्याने ती मोडवेना म्हणून तशीच ठेवली. मागे बाकावर पाच-सहा जण बसले होते, सगळे पांढऱ्या शर्टातले. मी इतके दिवस आखलेल्या रजिस्टरात जे नव्हतं ते मला तिथे मिळालं. दोन सीटांची गाडी ही ड्रायव्हरच्या पोटावर पाय असते, हे पहिलं. मालक स्वतः चालवतो, नाहीतर त्याला ड्रायव्हरच्या शेजारी बसावं लागतं, आणि ते कुणालाच आवडत नाही. त्या गाड्या निघतात रविवारी पहाटे, रस्ते मोकळे असताना. बाकी आठवडाभर बॅटरी उतरू नये म्हणून चार्जरला लावून झाकलेल्या. एकजण म्हणाला, "स्पीडब्रेकर आला की बटण दाबून तोंड वर करायचं. मागच्या रिक्षावाल्याला ते माहीत नसतं, तो हॉर्न वाजवतो." दुसऱ्याने मला विचारलं, "तुमचे साहेब कोणती बघतायत?" साहेबांना बैलाची हवी, असं सांगितल्यावर त्याने अनुभवी मान हलवली. "मागे सीट असलेली घ्यायला सांगा. आपलं पोट आपणच बघायचं."

परत आत आलो तेव्हा मेहुण्याची परीक्षा चालू होती. गाडीभोवती तो दोनदा फिरला, एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून. पुढचे पाय बघितले, म्हणजे चाकं. मागे जाऊन खाली वाकून बराच वेळ काहीतरी शोधलं. मला वाटतं भोवरा शोधत असावा. मग सरळ उभा राहून विचारलं, "खोड काय हिची?"

"सर?"

"खोड. वाईट सवय. लाथ मारती, अडून बसती, काय ते आत्ताच सांगा."

त्या मुलाने इंग्रजीत वॉरंटी सांगायला सुरुवात केली. मेहुण्याने इंजिन सुरू करायला लावलं, डोळे मिटले आणि ऐकत राहिला. दालनाच्या काचा थरथरल्या. मी नकळत खिशातल्या रक्तदाबाच्या गोळ्या चाचपल्या. "दम आहे," तो म्हणाला आणि उपरणं सोडून त्या मुलाच्या हातावर टाकलं, खालून आपला हात सरकवला. बैलबाजारात भाव असाच ठरतो, उपरण्याखाली बोटं धरून, तिसऱ्याला कळू न देता. मुलाला वाटलं हस्तांदोलन. तो हात मनापासून हलवत राहिला. त्याने नेमका किती कोटींचा भाव मान्य केला, हे त्याला अजून कळलेलं नसेल.

याच सुमारास कुणीतरी मला एका दुसऱ्या गाडीत बसून बघायला सांगितलं. तिचं नाव सांगत नाही. जमिनीपासून चार-पाच बोटं उंच, दार आभाळाकडे उघडणारं. आत जाताना मी बसलो नाही, पडलो. बाहेर पडताना मात्र काहीच सुचेना. गुडघे कानांपाशी, कमरेला धरायला काही नाही आणि ढकलायला पाठीमागे जागा नाही. सभ्य मुलगा म्हणाला, "आधी डावा पाय, सर." आता मी सर झालो होतो. डावा पाय बाहेर आला, उजवा आलाच नाही. शेवटी दोन्ही तळवे संगमरवरी फरशीवर टेकवले आणि हातांवर चालत स्वतःला ओढून काढलं. सफारीचं एक बटण आतच राहिलं. ते मागायचं धाडस झालं नाही. मेहुण्याने काढलेला फोटो त्या दुपारी नातेवाइकांच्या ग्रुपवर होता. खाली लिहिलेलं: "दाजींचा गाडीला साष्टांग दंडवत."

त्यानंतर निवड व्हायला फारसा वेळ लागला नाही. लाम्बोर्गिनीचीच, पण उंच आणि मागे सीटं असलेली उरुस. आतल्या पाटीवर आठशे अश्वशक्ती, पेट्रोलचं आठ सिलिंडरचं इंजिन आणि जोडीला विजेची मोटर, डिकीसुद्धा आहे. साडेचार कोटींच्या पुढे. जगातली सर्वांत महाग नव्हे, हे मी नम्रपणे निदर्शनास आणलं. "बाकीच्यात आई कुठं बसणार?" तो म्हणाला. रंग मात्र त्याने स्वतः निवडला, शेकडो छटांचा तक्ता बाजूला सारून: पिवळा. कंपनीला वाटलं खेळाडू वृत्ती. खरं कारण असं की, गाडी आली की आधी जेजुरीला न्यायची होती आणि पिवळ्यावर भंडारा दिसत नाही.

गाडी आली. विम्याच्या कागदांवर चालकाचा प्रश्न निघाला. मेहुणा म्हणाला, "मी मागं बसणार, आईजवळ. दाजी चालवतील. त्यांना त्या लोकात सगळे ओळखतात." हिने कपाटातून पांढरा शर्ट काढून इस्त्री केला आणि काही बोलली नाही, तिचं न बोलणं मला कळतं.

ही गाडी सुरू होते ती विजेवर, आवाज न करता. सासूबाईंना हडपसर येईपर्यंत ती सुरू झाल्याचंच पटलं नव्हतं. "जावईबापू, सावकाश," एवढंच त्या मागून म्हणत होत्या. मी चाळीसच्या वर गेलो नाही. आमच्या बाजूने एक पीएमपी गेली, मग उसाची ट्रॉली, मग सायकलवरचा एक शाळकरी मुलगा, त्याने वळून बघितलं. ज्या आवाजावर भाळून मेहुण्याने ती घेतली, ते इंजिन अजून जागंच झालं नव्हतं. दिवे घाटात चढ आला, मी पाय जरा दाबला आणि पुढून अशी डरकाळी फुटली की, समोरच्या बाइकवाल्याने आपली गाडी कडेला घेतली.

"बिघडली!" सासूबाई ओरडल्या. "थांबवा आधी. एवढे पैसे घालून बिघडकी गाडी!"

थांबवली. मेहुण्याने आईला समजावलं की, हाच तो दम. त्यांना ते मान्य झालं नाही. उरलेला घाट आम्ही दम न दाखवता चढलो.

जेजुरीला मंडळी पायऱ्या चढून गेली आणि मी गाडीपाशी थांबलो, कारण इतक्या किमतीची वस्तू सोडून देवाकडेही लक्ष लागलं नसतं. हळूहळू बाकीचे ड्रायव्हर जमले. एकाने काचेतून आत बघितलं, एकाने बैलाच्या चिन्हावर हात फिरवला, एकाने मला तंबाखू देऊ केली. "कोणाची?" गडाकडे हात केला. "पगार किती देतात?" खरं सांगायची लाज वाटली. एक बऱ्यापैकी आकडा सांगितला, थोडा चढवूनच.

"एवढ्या गाडीला एवढाच?" तो म्हणाला. "सोडा ही नोकरी, काका. मी बघून देतो दुसरी."

मी म्हटलं, सासूबाई खाली आल्या की विचारून सांगतो.